आपली 'इवी' कोणती?

मागच्या वर्षीची गोष्ट. माउंट रॉस्किलमधला नेहमीचा रविवार. बाहेर पावसाची रिपरिप, आत कांदेपोहे, आणि कपडे आता वाळत घालायचे की दुपारी, यावर आमचा नवरा-बायकोचा आठवड्याचा परिसंवाद. तेवढ्यात आमची अकरा वर्षांची कन्या वही-पेन्सिल घेऊन टेबलाशी आली.

"बाबा, आपली इवी कोणती?"

इथे मुलं वाढवणाऱ्या मंडळींना 'पेपेहा' हा प्रकार नवा नाही. पण ही स्मरणिका आपले आई-वडीलही वाचतात, म्हणून सांगतो. माओरी माणूस स्वतःची ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग आपली नदी, मग आपले पूर्वज ज्या होडीतून या देशात आले ती होडी, मग आपली जमात आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. डोंगर म्हणजे मऊंगा, नदी म्हणजे आवा, होडी म्हणजे वाका आणि जमात म्हणजे इवी. आपल्याकडे गोत्र आणि कुलदैवत विचारतात, त्यातलाच प्रकार, पण जास्त ऐसपैस. शाळेत प्रत्येक मुलाने आपापला पेपेहा तयार करून वर्गासमोर म्हणायचा होता. बाईंनी सांगितलं होतं, की घराजवळचा डोंगर चालणार नाही, तुमचे पूर्वज जिथले, तिथला हवा. म्हणजे आमच्या घरामागे दिसणारा पुकेतापापा बाद! तो एकशे दहा मीटरचा छोटासा ज्वालामुखी आमच्या घरच्यांना मनापासून आपला वाटतो. पण बाईंचा नियम म्हणजे नियम.

बायकोचं सोपं होतं. ती पुण्याची. तिच्याकडून पर्वती आणि मुठा मिळाली. (पर्वतीला डोंगर म्हणायचं का, यावर थोडा वाद झाला. पुणेकरांपुढे कोण बोलणार!) आता राहिली माझी बाजू.

मी म्हणालो, "लिही सोलापूर."

"ते गाव झालं बाबा. इवी विचारतेय मी. म्हणजे तुमचे लोक कोण?"

आता खरं सांगायचं, तर या देशात येऊन मला अठरा वर्षं झाली. इथेच मास्टर्स केलं, इथेच नोकरी, घर, संसार. आपल्या मंडळात गणपतीच्या मांडवापासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळीकडे मी असतो, निदान खुर्च्या उचलायला तरी. या अठरा वर्षांत हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत आलेला आहे. "आडनावावरून कळत नाही हो. तुम्ही मूळचे कुठले?" आमचं आडनाव असं, की ते महाराष्ट्रातल्या दहा जातींत सापडतं. मी दर वेळी हसून "सोलापूरचे" म्हणतो आणि शेंगाचटणीवर विषय नेतो. शेंगाचटणीने मला खूप वेळा वाचवलं आहे.

पण स्वतःच्या मुलीला शेंगाचटणी कशी सांगणार?

बायको ओट्यापाशी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अरे, सांग की तिला."

मग मी सांगितलं. आम्ही कैकाडी.

कन्येने स्पेलिंग विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या घशात मात्र पोहे अडकले होते. हा शब्द मी मोठ्याने शेवटचा कधी उच्चारला होता, ते मला आठवेना.

कैकाडी म्हणजे टोपल्या, कणग्या, डाली विणणारी माणसं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायचं, ओढ्याकाठी पालं टाकायची, फोकांपासून टोपल्या विणायच्या आणि धान्यावर विकायच्या. घरात एक वेगळीच बोली, तमिळच्या कुळातली. माझी आज्जी आणि तिच्या बहिणी भांडायला लागल्या, की त्या बोलीत शिरायच्या आणि आम्हा नातवंडांना ओ की ठो कळायचं नाही. आज एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मी मराठीत लिहितो आहे खरा, पण माझ्या आज्जीची मातृभाषा मराठी नव्हती, हेही एकदा सांगून टाकतो.

आणि कैकाडी म्हणजे आणखी एक गोष्ट. इंग्रज सरकारच्या यादीत 'गुन्हेगार जमात'.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आणता आला, आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून पुन्हा नवा कायदा झाला. आपल्याकडच्या कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती त्याच्या कचाट्यात सापडल्या. कायद्याची रीत सोपी होती. सरकारने एखाद्या जमातीला गुन्हेगार म्हणून जाहीर करायचं. मग त्या जमातीतल्या माणसांची नावं रजिस्टरात चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे. त्यांनी हजेरी द्यायची, आणि परवान्याशिवाय हद्द सोडली तर शिक्षा. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही. रजिस्टरातला जातीचा रकाना हाच पुरावा.

भटक्यांना एका जागी बसवण्यासाठी 'सेटलमेंट' काढल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतली एक मोठी. तारेचं कुंपण, आत वस्ती, आणि कापडगिरण्यांना मजूर हवेच होते. माझे आबा, म्हणजे आजोबा, त्या कुंपणाच्या आत लहानाचे मोठे झाले. आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता आहे, क्रमांकासकट. रिक्षावाले "सेटलमेंटला येणार का?" असं सहज म्हणतात. शब्दाचा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून आमची मंडळी ३१ ऑगस्टला 'विमुक्त दिन' पाळतात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आम्ही पाच वर्षं सोळा दिवसांनी, असं माझे वडील, अण्णा, शाळेत मुलांना शिकवायचे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. वर्गात ते हे सांगत, पण त्यातले 'आम्ही' म्हणजे कोण, ते मुलांच्या लक्षात येऊ देत नसत. ही कला मी त्यांच्याकडूनच उचलली असणार.

आबा सेटलमेंटच्या शाळेत तीन इयत्ता शिकले. तेवढ्या शिक्षणाचा त्यांनी एकच उपयोग केला. सही करायला शिकले आणि पुन्हा म्हणून अंगठा उठवला नाही. पोस्टात, रेशनच्या दुकानात, गिरणीत, कुठेही गेले की वाकड्यातिकड्या अक्षरांत पूर्ण नाव लिहायचे. मागे रांग खोळंबायची. कारकून म्हणायचा, "बाबा, अंगठा द्या ना, लवकर होईल." आबा ऐकायचे नाहीत.

१९९९ मध्ये माझी बारावी झाली आणि इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. महाराष्ट्रात विमुक्त जातींना म्हणजे 'व्हीजे-ए' गटाला तीन टक्के जागा आहेत. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. आता फिरस्त्या माणसाकडे कसला पुरावा? सातबारा नाही, घरपट्टी नाही. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत नाव नाही, कारण जन्म या गावच्या ओढ्याकाठी आणि मरण त्या गावच्या माळावर. आबांची आई कुठे वारली, ते आबांनाच नीट सांगता येत नव्हतं.

अण्णा आणि मी तीन कचेऱ्या फिरलो. शेवटी एका जुन्या दप्तरात आबांच्या शाळेचं रजिस्टर निघालं. कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. कारकुनाने बोट फिरवत मोठ्याने वाचलं. आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात कैकाडी. आणि पत्त्याच्या जागी 'क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट, सोलापूर'. खोलीत आणखी चार-पाच माणसं होती. सगळ्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी अठरा वर्षांचा होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

अण्णांनी मात्र शांतपणे नक्कल मागितली, शिक्का मारून घेतला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. अण्णा म्हणाले, "आबांना कोंडायला केलेलं रजिस्टर. तुझ्या ॲडमिशनला कामाला आलं बघ."

त्या कागदाच्या जोरावर माझं इंजिनिअरिंग झालं, मग पुण्यात नोकरी, मग इथे मास्टर्स. आपल्या पॉटलकमध्ये जेवण झाल्यावर कधीतरी आरक्षणाचा विषय निघतो. "आमच्या वेळी नव्वद टक्के असून..." अशी वाक्यं सुरू होतात. बोलणारी माणसं चांगली असतात, अडीअडचणीला धावून येणारी. मी तेव्हा उठून भांडी आवरायला घेतो. आपल्या मंडळाच्या छोट्या ग्रंथालयात लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ची एक प्रत आहे. १९८० चं पुस्तक, साहित्य अकादमी मिळालेलं, आमच्याच समाजातलं. ते मी दोनदा घरी नेलं. पुस्तकं सांभाळणाऱ्या काकूंनी विचारलं, "आवडतं का असलं साहित्य?" मी म्हणालो, "हो, जरा अभ्यास म्हणून." अभ्यास!

आता तुम्ही म्हणाल, की हे सगळं आत्ताच का आठवलं? त्याला पेपेहाइतकाच माझा एक सहकारीही कारणीभूत आहे.

आमच्या प्रोजेक्टवर एक साठीचा डेटा ॲनालिस्ट होता. मूळचा चेक, नव्वदच्या दशकात इकडे आलेला. आमचं काम एका संस्थेची जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये हलवण्याचं. त्यात 'एथ्निसिटी' नावाचा रकाना होता आणि हजारो नोंदींत तो रिकामा. रिकाम्याचं काय करायचं, यावर तासभर मीटिंग झाली. बाहेर कॉफी घेताना तो म्हणाला, "रिकामा आहे तो बरा आहे." मी हसलो. तो हसला नाही. मग बोटं मोजत म्हणाला, "येख, दुय, त्रिन, श्तार, पांज."

मी कप खाली ठेवला. पुढे त्याने कानाला हात लावला, "कान." नाकाला लावला, "नाख." पाण्याची बाटली दाखवली, "पानी." तो रोमा होता, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले, हे भाषेवरून अठराव्या शतकाच्या शेवटीच अभ्यासकांच्या लक्षात आलं होतं. गंमत बघा, माझ्या आज्जीच्या बोलीपेक्षा या चेक माणसाच्या घरची बोली मराठीला जवळची!

त्याच्या पणजीकडे एक ओळखपत्र होतं. चेकोस्लोव्हाकियाने १९२७ मध्ये 'भटक्या जिप्सीं'साठी ११७ क्रमांकाचा कायदा केला. त्याखाली त्यांना वेगळं ओळखपत्र मिळे, बोटांच्या ठशांसकट. फ्रान्सने तर १९१२ मध्येच भटक्यांना मोजमापांची वही दिली होती. तिच्यात डोक्याचं माप, कानाची लांबी, फोटो, ठसे, आणि प्रत्येक गावात येता-जाता शिक्का. ती वही १९६९ पर्यंत चालली आणि तिच्या जागी आलेली परवाना-पद्धत २०१७ मध्ये पूर्ण बंद झाली. मी हे ऐकत होतो आणि मला आबांच्या सेटलमेंटचं रजिस्टर दिसत होतं. हजारो मैलांवरच्या दोन जागी, माणसं वेगळी, सरकारं वेगळी, आणि रकाने तेच.

आमच्यात आणि त्यांच्यात फरक पुढे पडला. १९३९ मध्ये जर्मन आले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जिप्सींची पुन्हा नोंदणी केली. आधीच्या याद्या तयार होत्याच. लेती आणि होदोनिन इथल्या छावण्या, आणि तिथून ऑशविट्झ. चेक भागातले बहुतेक रोमा परत आले नाहीत. याची पणजी पूर्वेकडे, स्लोव्हाकियात होती म्हणून वाचली.

पुढे लोकशाही आली आणि १९९१ च्या जनगणनेत चेक भूमीत लोकांना विचारलं, तुम्ही रोमा आहात का? ३२,९०३ माणसांनी हो म्हटलं. २००१ मध्ये फक्त ११,७४६ जणांनी. खरी संख्या दोन लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज असतो. बाकीचे कुठे गेले? कुठेच नाही. रकाना रिकामा आहे तो बरा आहे, एवढंच. आणि भीती जुनी झाली असं म्हणावं, तर २०१३ मध्ये स्वीडनमध्ये उघड झालं, की तिथल्या एका प्रांताच्या पोलिसांकडे चार हजारांहून अधिक रोमांची गुपचूप यादी आहे, लहान मुलांसकट.

माझ्या मित्राने इथल्या प्रत्येक फॉर्मवर 'चेक' एवढंच लिहिलं आहे. मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस. एकदा लिहिलेली नोंद खरंच कधी पुसली जाते का?" मी बॅकअप नावाचा प्रकार गेली वीस वर्षं सांभाळतो आहे. मी काय उत्तर देणार?

न्यूझीलंडचा पासपोर्ट जात-जमात विचारत नाही. डॉक्टरकडे नाव नोंदवताना मात्र विचारतात, बाळाच्या जन्माची नोंद करतानाही विचारतात. तुम्ही सगळ्यांनी ती यादी पाहिलेली आहे. न्यूझीलंड युरोपियन, माओरी, सामोअन, टोंगन, चायनीज, इंडियन, वगैरे, आणि शेवटी 'अदर' पुढे एक रेघ. एकेकाळी हा देशही आपल्याला 'रेस एलियन' म्हणून मोजत होता, आणि १९८१ पर्यंत कुणात कुठलं रक्त किती, याचा हिशेब जनगणनेत मागत होता. आता पद्धत अशी, की तुम्ही स्वतः सांगाल ते खरं. एकाहून जास्त सांगा, उद्या बदला, कुणी पुरावा मागत नाही. २००६ च्या जनगणनेत अकरा टक्के लोकांनी सरळ 'न्यूझीलंडर' लिहून टाकलं, आणि सरकारने तेही मोजलं. २०२३ मध्ये 'इंडियन' २,९२,०९२ भरले. त्यात आम्ही तिघं आहोत.

आता इथे जुन्या पद्धतीची जनगणनाही बंद होते आहे. सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०३० पासून सरकारी खात्यांकडे असलेल्या नोंदी आणि छोटी सर्वेक्षणं यांवरच काम चालेल. म्हणजे डॉक्टरच्या आणि शाळेच्या फॉर्मवर आपण जे खरडतो, त्याला पूर्वीपेक्षा जास्त वजन येणार.

तिकडे भारतात उलट. २०२७ च्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. मी अण्णांना फोनवर विचारलं, "तुम्ही काय सांगणार?"

"कैकाडी. मोठ्यानं सांगणार."

"भीती नाही वाटत?"

"अरे, मोजलंच नाही तर देणार काय? रेणके आयोगाने २००८ ला अहवाल दिला, त्यानंतर इदाते आयोग झाला. आमची संख्या किती, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपला माणूस अकोल्यात राहिला तर अनुसूचित जातीत, सोलापुरात राहिला तर विमुक्त जातीत. बंजाऱ्यांचं बघ, महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जात, तेलंगणात अनुसूचित जमात. एकाच आईची लेकरं! हे निस्तरायचं, तर आधी आकडा पाहिजे."

मग जरा थांबून म्हणाले, "पण तुरुंगातल्या रजिस्टरातून जातीचा रकाना काढायला सांगितला सुप्रीम कोर्टाने, २०२४ ला, ते बरं केलं. तिथं कशाला पाहिजे?"

अण्णा मास्तर आहेत. मला जे मीटिंगमध्ये तासभर बोलून सापडलं नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कुठला रकाना कशासाठी आहे, ते आधी बघायचं.

आबांची एक आठवण सांगतो. २०११ मध्ये सोलापुरात आधार कार्डाचं काम सुरू झालं होतं. आपल्या नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार २०१० मध्ये दिलं, तेव्हा मी इथे ऑफिसात अभिमानाने सांगत सुटलो होतो. एवढी मोठी सिस्टिम, एवढा डेटा! अण्णा आबांना कॅम्पवर घेऊन गेले. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. ऑपरेटर पोराने त्यांचा हात धरून काचेवर ठेवायला घेतला, तर आबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मी सही करतो." पोरगा म्हणाला, "आजोबा, सही नाही चालत." आबांनी अण्णांकडे बघितलं आणि विचारलं, "हजेरी किती वाजता?"

अण्णांनी मला त्याच रात्री फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला ना, तू समजाव त्यांना." मी आबांना फोनवर समजावलं, की हे सगळ्यांचंच घेतात, टाटा-बिर्लांचंही घेतात, हजेरी नाही, काही नाही. आबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊन दहाही बोटं दिली. घरी आल्यावर साबण लावून हात धुतले. काचेवर कसली शाई नव्हती, तरी पुन्हा धुतले. आज्जी म्हणाली, "किती धुताय?"

२०१४ मध्ये आबा गेले. मी जाऊ शकलो नाही. ऑनलाइन पाहिलं, जसं आपण सगळेच इथून पाहतो.

तर पेपेहा. कन्येने मग अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि तासभर त्यांचं डोकं खाल्लं. नदी मिळाली, सीना. डोंगर काही मिळेना. अण्णा म्हणाले, "आपल्याला डोंगर नाही बाळा, आपली माणसं चालत राहिली." तिने तसंच लिहिलं. होडीपाशी गाडी पुन्हा अडली. "अण्णा आजोबा, तुमचे लोक कशातून आले?" अण्णांनी विचार करून सांगितलं, "गाढवांवरनं."

कन्या खुर्चीवरून उडालीच. "बाबा! आपली वाका म्हणजे गाढव!"

वर्गात ती हे म्हणणार, तर आपल्याच मंडळातली तीन मुलं तिच्या वर्गात. आदल्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी निघताना मी तिला म्हणालोही, "नाहीतर फक्त सोलापूर म्हण ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गाडीची किल्ली शोधू लागलो. संध्याकाळी घरी आली ती खुशीत. गाढव हिट झालं होतं. एका सामोअन मुलाने तिला विचारलं म्हणे, की तुमच्या गाढवाचं नाव काय. आणि टोपली विणायला येते का, असं बाईंनी विचारलं, कारण माओरी लोकांतही विणण्याला फार मान आहे. तिला येत नाही. मलाही येत नाही. अण्णांना थोडी येते. या डिसेंबरात सोलापूरला गेलो की आम्ही दोघं शिकणार आहोत.

डॉक्टरकडच्या फॉर्मवर मी अजून 'इंडियन'वरच खूण करतो. शेवटच्या रेघेवर 'कैकाडी' लिहिलं, तर कॉम्प्युटर मला बहुधा 'आणखी कुठे वर्गीकरण न केलेले इंडियन' यांच्यात टाकून देईल. ते काही चुकीचं नाही म्हणा! पण माझ्या रक्तदाबाला माझ्या इवीची गरज नाही, आणि मित्राचा बॅकअपबद्दलचा प्रश्न मी विसरलेलो नाही. २०२७ ला अण्णा मात्र मोठ्याने सांगणार आहेत, आणि त्या वेळी मला तिथे त्यांच्या शेजारी बसायला आवडेल.

यंदा संपादकांनी लेख मागितला, तेव्हा दर वेळेप्रमाणे 'क्लाउड कॉम्प्युटिंग आणि आपण' असं काहीतरी लिहून द्यायचा विचार होता. मग वाटलं, मुलगी तीस मुलांसमोर बोलली, आपण निदान आपल्या माणसांसमोर तरी बोलावं. तेव्हा मंडळी, येत्या गणपतीत भेटलो आणि कुणी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?", तर मी नीट उत्तर देईन. शेंगाचटणी आणेनच, ती वेगळी.

आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकू, 'उपरा' माझ्याकडेच आहे. या वेळी परत करायला उशीर होतोय, कारण आता ती कन्येला वाचून दाखवतोय. रोज दोन पानं.